दगडी हत्ती, काळा घोडा आणि आमच्या फाट्यावरचं अस्वल

मंडळी, घारापुरीच्या लेण्यांना इंग्रज लोक 'एलिफंटा' का म्हणतात हे नोकरीच्या काळात मी दर वर्षी वर्गात सांगत असे. पोर्तुगीज बेटावर उतरले, किनाऱ्याजवळ त्यांना एक भला मोठा दगडी हत्ती दिसला, आणि त्यांनी बेटालाच हत्तीचं नाव दिलं. पाठ्यपुस्तकात एवढंच होतं आणि परीक्षेला तेवढं पुरत असे. त्या हत्तीचं पुढे काय झालं याची गोष्ट मात्र लेण्यांइतकीच ऐकण्यासारखी आहे.

1814 साली त्या हत्तीचं डोकं आणि मान गळून पडली. पुढे उरलेलं धडही ढासळलं आणि किनाऱ्यावर नुसता दगडांचा ढीग राहिला. 1864 मध्ये ते तुकडे मुंबईत आणले गेले. हत्ती विलायतेला न्यायचा बेत होता, पण उचलताना क्रेन तुटली आणि बेत फसला, असं सांगतात. तुकडे भायखळ्याच्या बागेत येऊन पडले ते पडलेच. पन्नास वर्षांनी, 1914 मध्ये, कॅडेल आणि हेवेट या दोन इंग्रजांनी ते एकमेकांना जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. अंगावरचे सांधे उघड दिसतात. फुटलेला रांजण सिमेंटने लिंपावा तसे.

तो बघायला म्हणून मी गेल्या थंडीत एकटाच मुंबईला जाऊन आलो. हिच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत. ती म्हणाली, "तुम्हीच जाऊन या, आणि आल्यावर दोन दिवस तेच तेच सांगत बसू नका." (म्हणून इथे लिहितोय!) वाटूरहून परतूर, परतूरहून रात्रीची देवगिरी. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर तोंड धुतलं, चहा घेतला, आणि धीम्या लोकलने तिसरं स्टेशन भायखळा. धाकट्या जावयांनी फोनवर तीनदा बजावलं होतं की फास्ट गाडीत चढू नका.

आपल्याकडची जुनी माणसं या बागेला राणीचा बागच म्हणतात. ही बाग 1862 साली लोकांसाठी खुली झाली. व्हिक्टोरिया राणीचं नाव गेलं, आता ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. संग्रहालय बागेला लागूनच आहे, ते 2 मे 1872 रोजी उघडलं. ते उभं राहावं म्हणून खटपट केली त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी ही आपली माणसं होती. पण नाव मात्र व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं! भाऊ दाजींचं नाव लागायला 1975 साल उजाडावं लागलं. असो.

आत मुंबईतल्या नाना जातीजमातींचे मातीचे छोटे छोटे पुतळे आहेत, पगडी, पागोटी, लुगडी यांसकट. एकेक फेटा बघत मी तासभर उभा होतो. मी त्यांत नंदीबैलवाला शोधत होतो, अस्वलवाला शोधत होतो. मला काही दिसले नाहीत.

आमच्या लहानपणी, म्हणजे 1960 च्या आसपास, प्राणी बघायला कुणी कुठे जात नसे, प्राणीच आमच्याकडे येत. बाजाराच्या दिवशी फाट्यावर दरवेशी अस्वल घेऊन यायचा. अस्वलाच्या नाकात दोरी ओवलेली असे. लेकराची भीती जावी म्हणून आया त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवत. दरवेशी अस्वलाचा केस उपटून ताईतात घालून देई, आणि त्याबद्दल त्याला पसाभर ज्वारी मिळे. माकडवाला मदारी यायचा, टोपल्या घेऊन गारुडी यायचा. आणि सुगीनंतर यायचे ते नंदीवाले. झूल, शिंगांना गोंडे, गुबुगुबू वाजणारं ते वाद्य. "सांग रे नंदी, पाऊस पडंल का?" असं विचारलं की नंदी मान हलवायचा. 1972 च्या दुष्काळातही एक नंदीवाला आमच्या दारात आला होता. घरात द्यायला काही नव्हतं. त्याने तरीही नंदीला पावसाचं विचारलं आणि नंदीने होकाराची मान हलवली. माझी आजी त्याच्या पाया पडली, नंदीच्या.

त्याच 1972 साली दिल्लीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आमच्या गावापर्यंत तो पोचायला पुष्कळ वर्षं लागली. 1991 मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा यांचे खेळ करायला बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले. अखेर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली (कुत्रा तेवढा यादीतून आधीच सुटला होता). 2011 मध्ये याच यादीत बैल आला आणि त्यावरून शर्यतींचं केवढं रामायण झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला तेव्हा कुठे ते थांबलं.

अस्वलाच्या नाकातली दोरी गेली हे बरंच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती जखम मी जवळून पाहिलेली आहे, त्यावर माशा बसत. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस होता त्याचं काय, हा प्रश्न आम्हा गावकऱ्यांपैकी कुणी विचारला नाही. साधारण 1985 च्या सुमारास माझ्या वर्गात नंदीवाल्याचा एक मुलगा चार महिने बसला होता. त्यांची पालं गावाबाहेर होती. वाचायला अडखळे, पण मंठा, लोणार, मेहकर, जिंतूर, सगळ्या वाटा आणि कुठल्या वाटेवर कुठे पाणी आहे ते त्याला तोंडपाठ. मी घारापुरीचा हत्ती शिकवत होतो. हत्ती तिथून हलवला म्हटल्यावर तो उभा राहिला. "गुरुजी, हत्ती नेला तवा त्येचे मालक काईच बोलले न्हाईत का?" वर्ग हसला. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. पाडव्याआधी पालं उठली आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ ओढावी लागली.

बागेतच काळा घोडाही आहे. एडवर्ड राजा युवराज असतानाचा हा अश्वारूढ पुतळा ससून घराण्याने शहराला भेट दिला आणि तो 1879 मध्ये फोर्टात बसवला. 1965 मध्ये राजाराण्यांचे पुतळे रस्त्यांवरून हलवले तेव्हा हाही इथे आला. गंमत बघा, राजाचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लोक त्या चौकाला घोड्याच्याच नावाने ओळखत, आणि घोडा गेल्यावरही ते नाव राहिलं. शेवटी 2017 मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवला. पाठीवर स्वार नाही! संध्याकाळी फोर्टात जाऊन तोही पाहून आलो, मला तो जास्त आवडला.

राणीच्या बागेत आता सगळ्यांत मोठी रांग पेंग्विनांसमोर असते. 2016 च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन आणले. त्यातला एक ऑक्टोबरातच दगावला. 2017 च्या मार्चमध्ये ते लोकांना दाखवायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षी बागेचं तिकीट 5 रुपयांवरून 50 रुपये झालं. काचेच्या पलीकडे गारवा, अलीकडे घामाघूम आम्ही. पक्षी मोठे डौलदार आहेत, पोरं खुशीत ओरडत होती, तेव्हा उगाच नाक मुरडत नाही. पण उन्हाळ्यात आमच्याकडे जनावरांच्या हौदाला टँकरची वाट पाहावी लागते, तेव्हा त्या निळ्या पाण्याकडे बघताना हिशेब मनात आल्याशिवाय राहिला नाही.

आणखी एक गोष्ट, जी नातेवाइकांपैकी कित्येकांना माहीत नसेल. 1883 च्या सप्टेंबरात मुंबईत आठ जणांनी मिळून निसर्गाच्या अभ्यासासाठी एक मंडळ काढलं, तीच आजची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आठांपैकी सहा गोरे, आणि दोघे आपले डॉक्टर: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. एकीकडे घरातल्या मुलीच्या लग्नावरून कोर्टकज्जे, आणि दुसरीकडे हा मनुष्य वनस्पतींवर टिपणं काढतोय! या मंडळाच्या पहिल्या बैठका भायखळ्याच्या याच संग्रहालयात होत. पुढे मंडळ फोर्टात फिप्सन नावाच्या दारूविक्रेत्याच्या जागेत गेलं. तिथे 1894 पासून 1920 पर्यंत एक धनेश पक्षी राहत होता, नाव विल्यम. फिप्सनच्या खुर्चीमागे त्याचा पिंजरा असे. आजही संस्थेच्या चिन्हावर धनेशच आहे.

दुपारी फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. तिथल्या निसर्ग विभागात पेंढा भरलेले प्राणी आणि रोहित पक्ष्यांचा देखावा आहे. 1926 मध्ये याच विभागात लोकांना माहिती सांगायच्या नोकरीवर एक तरुण होता, सलीम अली. म्हणजे आपल्याच पेशाचा, असं म्हणायला हरकत नाही. पाय भरून आले होते म्हणून बाकावर टेकलो. एक शाळेची सहल आली, आणि बाई "पुढे चला, पुढे चला" करत मुलांना काचेवरून सरकवत होत्या. माझी जीभ शिवशिवत होती, पण गप्प बसलो.

हो, वाघांचं सांगायचं राहिलं. सकाळी बागेत वाघाच्या पिंजऱ्याजवळच्या रखवालदाराशी बोलत होतो. कुठले म्हणून त्याने विचारलं. जालन्याकडचा म्हटल्यावर म्हणाला, "मग काका, वाघ तुमच्याच भागातून आणले होते की!" खरंच आहे. 2020 च्या फेब्रुवारीत औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा अशी वाघाची जोडी इथे आणली होती. आमच्या मुलांच्या सहली वर्षानुवर्षं सिद्धार्थ उद्यानात गेल्या, वाघ बघायला. त्या मुलांपैकी निम्मी आज पोटासाठी मुंबई-पुण्यात आहेत. मी रखवालदाराला त्याचं गाव विचारलं. तो परभणीचा निघाला.

कुणी जाणार असाल तर बुधवार टाळा, बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. आणि हत्तीजवळ जाल तेव्हा मागच्या बाजूने एक फेरी मारा, सांधे तिथून नीट मोजता येतात.