ध्रुवीय प्रकाशाचा मानवी जीवनावरील परिणाम

ध्रुवीय प्रकाश म्हणजे ध्रुवप्रदेशांतील रात्रीच्या आकाशात दिसणारी हिरवी, तांबडी किंवा जांभळट दीप्ती होय. सूर्याकडून येणारे विद्युत् भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अनुरोधाने वातावरणात शिरतात व सुमारे १०० किमी.पासून वरच्या भागातील ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांना उद्दीपित करतात; त्यामुळे ही दीप्ती निर्माण होते. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या कोराडीचे अक्षांश सुमारे २१° उ. असल्याने तेथे हा प्रकाश दिसत नाही. तथापि ज्या चुंबकीय वादळात तो प्रखर होऊन विषुववृत्ताकडे सरकतो, त्या वादळाचा संबंध तेथील वीजकेंद्राशी येतो. तो समजण्यास मुंबईचा इतिहास पाहावा लागतो.

प्रारंभी या प्रकाशाचा परिणाम भीतीचाच होता. इ. स. ३७ च्या सुमारास टायबीरिअसच्या कारकीर्दीत ऑस्टियाला आग लागली असे समजून रोमन सैनिक मदतीस धावल्याचे सेनेकाने लिहिले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दिशा पेटल्यासारख्या दिसण्याच्या ‘दिग्दाह’ या उत्पाताची लक्षणे दिली आहेत. मात्र प्रत्येक दिग्दाह ध्रुवीय प्रकाशच होता असे मानणे योग्य नाही.

तारायंत्र आल्यावर परिणामाचे स्वरूप बदलले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सौर डागांच्या समूहावर एकाएकी तेज प्रकटलेले दिसले. पुढील वादळात अमेरिकेतील बॉस्टन–पोर्टलंड मार्गावरील तारवाल्यांनी विद्युत् घटमाला काढून ठेवून केवळ तारेत प्रवर्तित झालेल्या प्रवाहावर संदेश पाठविले. २ सप्टेंबर रोजी कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली होती व तेथे १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात; केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथेच काम केले होते. त्या दिवशीचे वाचन दुर्बिणीतून डोळ्यांनी करून हाताने लिहिलेले आहे. या वादळाची तीव्रता ठरविताना आजही जगभर कुलाब्याच्या नोंदींचा आधार घेतला जातो. हा आकडा क्षणिक घटीचा आहे व तासाची सरासरी बरीच कमी भरते, ही गोष्ट मात्र अनेकदा विसरली जाते.

४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री खुद्द मुंबईतच ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्त तेथील वृत्तपत्रात आले. दोन वर्षांपूर्वीच टाकलेल्या मुंबई–एडन समुद्री तारेवरील संदेशवहन त्या वेळी विस्कळित झाले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून वेध अलिबाग येथे हलविण्याचे ठरले. तेथील वेध १९०४ पासून सुरू झाले आणि काही काळ दोन्ही ठिकाणची वाचने एन. ए. एफ. मूस यांच्या देखरेखीखाली ताडून पाहण्यात आली. ज्या विजेने वेधशाळेला शहराबाहेर घालविले, तिलाच पुढे या वेधांची गरज भासली, हा योगायोग मोठा विलक्षण होय.

चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत व लांब तारांत विद्युत् दाब प्रवर्तित होतो. त्यामुळे उद्भवणारा मंदगती प्रवाह भूसंपर्कित रोहित्रांतून वाहतो, त्यांचे गाभे संतृप्त होतात आणि ती तापतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीजजाल सुमारे ९० सेकंदांत कोसळले व ६० लाख लोक ९ तास विजेविना राहिले. ऐन थंडीत अंधारात बसलेल्यांपैकी कित्येकांनी आकाशाकडे पाहिलेही नसेल.

कोराडीत १९७४ मध्ये औष्णिक वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. पुढे तेथे ६६० मेगॅवॉटचे तीन संच उभे राहिले. ७६५ किलोव्होल्टची वाहिनी तेथून अकोल्यामार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाते. कमी चुंबकीय अक्षांशामुळे येथील धोका कॅनडा किंवा स्वीडनपेक्षा पुष्कळ कमी असला, तरी वाहिनीची लांबी व दाब वाढला की रोहित्रांतून वाहू शकणारा प्रवाहही वाढतो. मे २०२४ मधील वादळात लडाखमधील हानले येथून तांबडी दीप्ती टिपण्यात आली. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एक वेधशाळा नागपूर येथे आहे.