कणकुंबीचा कालवा आणि सावधगिरीचं तत्त्व

बेळगावहून चोर्ला घाटाकडे निघालं की घाटाआधी खानापूर तालुक्यातलं कणकुंबी लागतं. इथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वाहत जाऊन कृष्णेला मिळते. गावाजवळचा कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरतो, म्हादईत मिसळतो आणि पणजीपाशी समुद्रात जातो. कळसा-भंडुरा योजनेचा वाद आहे तो या दोन उतारांमधला.

कळसाचं पाणी कालव्याने मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडला प्यायला द्यायचं, अशी ही योजना. एप्रिल २००२ मध्ये केंद्राने ७.५६ टीएमसीला तत्त्वतः मान्यता दिली आणि सप्टेंबरात ती स्थगित केली. तरी २००६ मध्ये काम सुरू झालं. २०१० मध्ये म्हादई जलतंटा लवाद नेमला गेला. २०१४ मध्ये लवादाच्या अंतरिम आदेशाने कणकुंबीचा जोडकालवा भिंत घालून बंद करायचं ठरलं. निकाल लागेपर्यंत पाणी वळू द्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या मते, नाव न घेता केलेली ही सावधगिरीच होती. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याचं पंधरावं तत्त्व सांगतं, की गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल तर पूर्ण शास्त्रीय खात्री नाही म्हणून उपाय पुढे ढकलू नयेत. १९९६ मध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानलं आणि पुराव्याचं ओझं प्रकल्प करणाऱ्यावर टाकलं. आम्हा इंजिनिअर मंडळींना यात नवल नाही. पूल टिकेल हे डिझाइन करणाऱ्याने दाखवायचं असतं. तो पडेल हे वाटसरूने सिद्ध करावं, असं कुणी म्हणत नाही.

पण इथे एक अडचण आहे. २००० च्या नर्मदा निकालात बहुमताने म्हटलं, की ओझ्याची ही अदलाबदल परिणाम अज्ञात असलेल्या प्रदूषणकारी उद्योगांसाठी आहे; धरणाचे परिणाम माहीत असतात, म्हणून ती तिथे लागू नाही. मला हे पटत नाही. धरणांचे परिणाम ढोबळमानाने माहीत असतात हे खरं, पण या घाटातला नाला आटला तर खाली मांडवीत भरतीचं खारं पाणी किती आत शिरेल, हे त्या जागेवर मोजावंच लागतं. गोव्याची भीती नेमकी तीच आहे.

दुसऱ्या बाजूला हुबळी-धारवाडची तहानही खरी आहे. नुसतं 'थांबा' म्हणण्याचीही किंमत असते, आणि ती नळाला पाणी नसलेला माणूस मोजतो. म्हणून सावधगिरी म्हणजे कायमची मनाई नव्हे. ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात लवादाने मलप्रभेकडे वळवायला ३.९ टीएमसी दिलं: कळसातून १.७२, भंडुऱ्यातून २.१८. म्हणजे २००२ च्या आकड्याच्या जवळपास निम्मं. राज्यांनी निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. वाद असा लांबतो तेव्हा मोजणीही चालू राहायला हवी. नाल्याचा प्रवाह आणि मांडवीचा खारेपणा दरवर्षी मोजून ते आकडे दोन्ही बाजूंच्या लोकांपुढे ठेवले, तरच त्या भिंतीने मिळवलेला वेळ सत्कारणी लागला म्हणायचा.