मोटार खरेदी (कोल्हापूर)

मोटार खरेदी म्हणजे स्वतःच्या वापरासाठी नवी किंवा वापरलेली मोटार निवडून तिची नोंदणी व विमा आपल्या नावे करून घेण्याची प्रक्रिया होय. भारतात तिचे नियमन मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये होते. कोल्हापूर जिल्ह्यात घाटरस्ते, पंचगंगेचे पूर आणि कर्नाटकाची सीमा या बाबी खरेदीत विशेष महत्त्वाच्या ठरतात. कोल्हापूर प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा नोंदणी संकेतांक एमएच-०९ आहे.

निवड

मोटारीची निवड रोजचे अंतर, नेहमीच्या प्रवाशांची संख्या आणि रस्त्याचे स्वरूप यांवरून केली जाते. शहरातील जुन्या पेठांच्या अरुंद गल्ल्यांत आखूड लांबीची मोटार सोयीची असते. गगनबावड्यापुढील करूळ व भुईबावडा घाट किंवा आंबा घाट यांतून वारंवार प्रवास असल्यास भरलेल्या मोटारीची चढण्याची क्षमता आणि ब्रेक पाहणे आवश्यक ठरते. त्यामुळे शक्य असल्यास चाचणी फेरी पूर्ण प्रवासी घेऊन केली जाते. अपघातातील सुरक्षिततेसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप योजनेचे तारांकन पाहता येते.

किंमत व कर

शोरूममधील किमतीत एकरकमी मोटार वाहन कर, नोंदणी शुल्क व विमा मिळवून ऑन-रोड किंमत ठरते. महाराष्ट्रात डिझेल मोटारीवरील कराचा दर पेट्रोल मोटारीपेक्षा अधिक आहे. त्यामुळे कमी धावणाऱ्या मोटारीत डिझेलवरील बचतीतून वाढीव किंमत भरून निघतेच असे नाही. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया व दसरा या मुहूर्तांवर मोटार घरी आणण्याची प्रथा आहे.

वापरलेली मोटार

राज्यांतर्गत विक्रीनंतर विक्रेत्याने नमुना २९ द्वारे १४ दिवसांत, तर खरेदीदाराने नमुना ३० द्वारे ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे लागते. मोटारीवर कर्जबोजा असल्यास तो नमुना ३५ द्वारे उतरवून घ्यावा लागतो. नोंदणी जुन्याच नावावर राहिल्यास अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. नोटरीपुढे केलेला विक्री करारनामा नोंदणीची जागा घेत नाही.

निपाणी, चिकोडी या भागांतून आणलेल्या कर्नाटक नोंदणीच्या मोटारीस नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो व येथील करही भरावा लागतो. कमी वाटणाऱ्या किमतीत हा खर्च धरणे आवश्यक असते.

पूर व विमा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. बुडालेली मोटार ओळखण्यासाठी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावरील चिखलाचे डाग, स्टेपनीखालील गाळ आणि आसनांच्या पट्ट्यांवरील गंज तपासला जातो. अनिवार्य असलेल्या तृतीय पक्ष विम्यातून स्वतःच्या मोटारीच्या पुरातील नुकसानीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू केल्याने झालेल्या इंजिनाच्या हानीसाठी सामान्यतः स्वतंत्र इंजिन संरक्षण घ्यावे लागते.