सभामंडप, 'संगीत शारदा' आणि आपली मुले

श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार सिद्धीस गेला, ही सर्व ग्रामस्थांना धन्यता वाटावी अशी गोष्ट होय. कळस चढला, गाभारा उजळला आणि दात्यांच्या औदार्याने प्रशस्त सभामंडपही उभा राहिला. या मंडपात भजन-कीर्तन होईलच. परंतु उत्सवात गावच्या मुलामुलींनी एखादे जुने संगीत नाटक करावे, अशीही सूचना आली. त्यावर काही वडीलधाऱ्यांनी विचारले, "थोरामोठ्यांची नाटके पोरांच्या तोंडी शोभतील काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या रंगभूमीच्या इतिहासातच सापडते.

आपल्या जिल्ह्याला नाटक नवे नाही. 'वीरतनय', 'मूकनायक', 'मतिविकार' ही संगीत नाटके लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी खामगाव व जळगाव-जामोद येथे वकिली केली. मद्यपान, विधवाविवाह असे प्रौढ विषय त्यांनी पदांच्या साहाय्याने लोकांपुढे मांडले. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या काळी स्त्रिया सहसा रंगमंचावर येत नसत. नायिकेचे काम पुरुष किंवा गोड गळ्याची पोरे करीत. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आले ते अवघ्या सतराव्या वर्षी.

याहून बोलके उदाहरण केशवराव भोसले यांचे. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' 1899 साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने बाप आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या श्रीमंताला देऊ पाहतो, हा त्याचा विषय. 1890 साली जन्मलेले केशवराव लहान वयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत शारदेची भूमिका करून गाजले. त्या मुलीच्या तोंडचे दुःख तिच्याच वयाच्या कंठातून प्रेक्षकांनी ऐकले. विषय थोरांचा खरा, पण त्याची झळ पोरांनाच लागत होती. पुढे 1908 साली केशवरावांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली.

त्यानंतर दामूअण्णा जोशी यांच्या बालमोहन मंडळीने तर मुलांनाच घेऊन नाटके केली. आचार्य अत्रे यांचे 'साष्टांग नमस्कार' हे मोठ्यांच्या खुळांची थट्टा करणारे नाटक 1933 साली याच मंडळीने रंगभूमीवर आणले. सौदागर गोरे हा मुलगा या मंडळीतूनच 'छोटा गंधर्व' म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाला.

मात्र या वैभवाला दुसरी बाजूही होती. कोवळ्या वयात घर सुटे, शाळा अंतरे, रात्र-रात्र जागरण घडे. कंठ फुटला की कालपर्यंत टाळ्या घेणाऱ्या पोराचे गाणे अडे. कंपनीच्या जुन्या रीती जशाच्या तशा उचलणे म्हणूनच योग्य नव्हे. नाटक मुलांच्या बेताचे करून घेतले पाहिजे.

ते कसे करावे? 'शारदा' पाच अंकी आहे. त्यातले निवडक प्रवेश घेऊन दीड तासात खेळ आटोपावा. पदे सात-आठच ठेवावीत, ताना कमी कराव्यात, शब्द मात्र स्वच्छ उमटावेत. मुलामुलींसाठी पेटीची पट्टी काळी चार-पाचच्या आसपास धरून पाहावी. ज्याचा कंठ फुटतो आहे त्याला गद्य काम द्यावे. मैत्रिणींच्या थट्टेचे प्रवेश मुलींना सहज जमतील, आणि मिशा लावून म्हातारा भुजंगनाथ वठवताना मुलांना मौज वाटेल. शारदा जीव द्यायला निघते तो प्रसंग रंगमंचावर न दाखविता सूत्रधाराने दोन वाक्यांत सांगावा. तालीम शाळा सुटल्यावर, दिवेलागणीपूर्वी संपावी.

पण ज्यावर नाटक उभे आहे तो विषय सौम्य करू नये. 1929 च्या कायद्याने मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांची मर्यादा घातली. 2006 च्या कायद्याप्रमाणे मुलीला अठरा व मुलाला एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कायदा कागदावर असतो. तो घरात शिरायला लोकांचे मन तयार व्हावे लागते. याच मंडपात उद्या लग्ने लागतील, अंतरपाट धरले जातील. तेथेच आपल्या लेकीने शारदेचे गाऱ्हाणे गायिले, तर ऐकणारा बाप घरी जाताना दोनदा विचार करील.

देवाच्या दारात खोटे बोलू नये, असे आपण मुलांना शिकवतो. त्याच दारात मुलांनी आपल्याला खरे सांगितले, तर ते ऐकण्याची तयारी थोरांनी ठेवावी. दात्यांनी दिलेला मंडप अशाने सार्थकी लागेल. श्रींनी तशी बुद्धी सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.