अक्षर न येणाऱ्यांची तपासणी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर दिसणारा अक्षरांचा तक्ता नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केला. वर मोठं अक्षर, खाली ओळीगणिक लहान. तक्ता इतका नेमका, की आजही तो जगभर चालतो. फक्त समोरच्याला वाचता येतं, हे त्यात गृहीत धरलं होतं. कानाचंही तेच झालं. १९२०च्या दशकात अमेरिकी शाळांत ग्रामोफोनवर तबकडी लावायची, वर्गभर मुलांच्या कानाला रिसीव्हर द्यायचे आणि मंद मंद होत जाणाऱ्या आवाजात आकडे ऐकवायचे, अशी पद्धत आली. ऐकू आलेला आकडा मुलाने कागदावर लिहायचा. म्हणजे ऐकण्याच्या परीक्षेला बसायचं, तर आधी लिहिता यायला हवं. तीन वर्षांचं मूल दोन्हीकडून बाद.

अशा मुलाला प्रश्न विचारायचा कसा? मला सर्वांत आवडतं ते लंडनच्या क्लॉड वर्थ या नेत्रतज्ज्ञांचं उत्तर. तिरळेपणावरचं त्यांचं पुस्तक १९०३ साली आलं. त्यांनी हस्तिदंताचे पाच गोळे करून घेतले होते, सर्वांत लहान अर्ध्या इंचाचा, सर्वांत मोठा दीड इंचाचा. मुलाला आधी त्यांच्याशी दोन्ही डोळ्यांनी मनसोक्त खेळू द्यायचं. मग एक डोळा झाकायचा, एक गोळा लांब जमिनीवर फेकायचा आणि आणायला सांगायचं. मोठ्या गोळ्यापासून सुरुवात, मग लहान. मूल थेट गोळ्यावर झेपावतं की अंदाजाने चाचपडत फिरतं, एवढंच बघायचं. मग दुसरा डोळा झाकून तोच खेळ. एका डोळ्याने अर्ध्या इंचाचा गोळा झटक्यात उचलणारं मूल दुसऱ्या डोळ्याने मोठा गोळाही शोधत राहिलं, की डॉक्टरांना हवं ते कळलं. मुलाला काही सांगावं लागलं नाही, रडायला कारणही मिळालं नाही.

यातलं मर्म आहे ते डोळा झाकण्यात. एक डोळा चांगला असेल तर मूल धावतं, चित्रं बघतं, जमिनीवरचा तांदळाचा दाणाही उचलतं. घरात कोणाला शंका येण्याचं कारणच नसतं. दुसरा डोळा मात्र मागे पडत जातो. त्यालाच आपण आळशी डोळा म्हणतो. हा दोष लहान वयातच शोधायची घाई का करायची, ते पुरतं कळलं १९६०च्या दशकात. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही महिने शिवून ठेवली. टाके काढले तेव्हा डोळा धड होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला दाद देत नव्हत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर तसं काही झालं नाही. या दोघांना १९८१चं नोबेल मिळालं. दृष्टी घडायचं वय निघून गेलं, की नुसत्या चष्म्याने ती पूर्ण परत येत नाही, ही गोष्ट तेव्हापासून बालरोगतज्ज्ञांच्या मनात पक्की बसली.

ब्रिटनमध्ये मेरी शेरिडन या डॉक्टरीणबाईंनी १९६०च्या आसपास वर्थ यांचीच वाट पुढे नेली. त्यांनीही लहान-मोठे चेंडू वापरले. अक्षरांसाठी तर त्यांनी फार साधी युक्ती काढली. मुलाच्या हातात इंग्रजी अक्षरांचं एक कार्ड द्यायचं, आपण दहा फुटांवर उभं राहून एकच अक्षर दाखवायचं, मुलाने आपल्या कार्डावर तसंच दिसणारं बोटाने दाखवायचं. नाव माहीत नसलं तरी बिघडत नाही. अक्षरंही एच, ओ, टी, व्ही अशी, डावं-उजवं सारखंच असलेली. तीन वर्षांच्या मुलाला दिशेचा गोंधळ होतो, तो अशाने टळतो. उणीव एकच राहिली. आळशी डोळा सुटं अक्षर ओळखतो आणि गर्दीत अडखळतो, त्यामुळे एकेक अक्षर दाखवलं तर तो सहीसलामत निसटू शकतो. पुढच्या तक्त्यांत अक्षराभोवती मुद्दाम रेघांची गर्दी केली, ती याचसाठी.

फिनलंडच्या लेआ ह्युव्हारिनेन यांनी १९७६मध्ये अक्षरंही काढून टाकली. सफरचंद, घर, गोल आणि चौकोन, एवढीच चार चित्रं. ती अशी बेतलेली, की धूसर दिसायला लागली तर चारही सारखीच गोल वाटतात. अंदाजाने उत्तर देता येत नाही. सफरचंदाला कुणी बदाम म्हणालं तरी चालतं.

कानाची कुळकथा मँचेस्टरची. तिथल्या विद्यापीठात १९१९ साली बधिर मुलांच्या शिक्षकांसाठी विभाग सुरू झाला. तिथे शिकवणाऱ्या आयरिन ईविंग आणि त्यांचे पती अलेक्झांडर यांनी १९४४मध्ये तान्ह्या मुलांचं ऐकणं तपासायची रीत मांडली. पुढे ती ब्रिटनमध्ये घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांच्या हाती गेली. बाळ आठेक महिन्यांचं, आईच्या मांडीवर ताठ बसलेलं. समोर एक जण खेळण्याने त्याचं लक्ष वेधून घेतो आणि मग खेळणं हळूच झाकतो. त्या क्षणी दुसरा मागून, बाळाला दिसणार नाही असा, कानाच्या पातळीवर आवाज करतो. खुळखुळा हलवायचा, पातळ कागद चुरगाळायचा, कपाच्या कडेवरून चमचा फिरवायचा, ‘स’ हलकेच म्हणायचा. सगळं अगदी मंद. बाळाने वळून बघितलं तर ऐकलं. सावली पडता कामा नये, फरशीवर पाऊल वाजता कामा नये, मागच्या माणसाच्या अत्तराचा वासही येता कामा नये. आवाज सोडून दुसऱ्या कशानेही बाळ वळू शकतं.

आपल्याकडे अजूनही मागून थाळी वाजवून मुलाचा कान पाहतात. आजीची काळजी खरी असते, पण थाळी फसवते. पुष्कळ मुलांना मोठे, जाड आवाज ऐकू येतात. हरवतात ते ‘स’, ‘श’, ‘फ’सारखे बारीक. असं मूल थाळीला वळतं, हाक मारली की येतं, आणि बोलायला लागलं की निम्मे शब्द अर्धवट उच्चारतं. मग ‘उशिरा बोलणारं आहे, बाप पण असाच होता’ म्हणत दोन वर्षं जातात.

लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८मध्ये दाखवून दिलं, की निरोगी कान आवाज ऐकल्यावर स्वतःही अतिशय सूक्ष्म आवाज बाहेर टाकतो. कानात बारीक मायक्रोफोन ठेवून तो टिपता येतो, तोही बाळ झोपलेलं असताना. या शोधावर नवजात बाळांची तपासणी उभी राहिली आणि २००६पर्यंत ती साऱ्या इंग्लंडमध्ये पोहोचून ईविंग दांपत्याची रीत मागे पडली. तरी तीन-चार वर्षांच्या मुलांचे कान पुन्हा पाहावेच लागतात. मेंदूज्वराने ऐकणं नंतरही जातं, आणि सर्दीपाठोपाठ पडद्यामागे चिकट द्रव साचून राहणं या वयात नेहमीचंच.

आपल्या देशात या सगळ्याला सरकारी घर मिळालं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, आणि त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला झाली. कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या त्यांच्या पिशवीत घंटी, खुळखुळा, टॉर्च, इंचभर मापाचे ठोकळे, मनुका घातलेली लहान बाटली आणि रंगीत लोकर असते. ईविंग आणि वर्थ यांना ही पिशवी सहज ओळखता आली असती.

मला काळजी वाटते ती पिशवीनंतरच्या प्रवासाची. संशय आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या केंद्रात न्यावं लागतं आणि पाड्यावरच्या आईबापांना त्यासाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. उपचार तसे आवाक्यातले आहेत. चांगला डोळा झाकून कमजोर डोळ्याला कामाला लावायचं, हे फ्रान्सच्या ब्युफाँ यांनी १७४३मध्येच लिहून ठेवलं होतं. २००३ साली अमेरिकी अभ्यासात दिसलं, की सात वर्षांखालच्या मुलांत मध्यम दोषासाठी रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच गुण देते. दोन तास कोणत्याही घरात निघतात. पथक सहा महिन्यांनी पुन्हा अंगणवाडीत येईल तेव्हा नव्या मुलांना तपासण्याआधी त्याने मागच्या यादीतली नावं काढावीत आणि एकेका आईला विचारावं, जिल्ह्याला जाणं झालं का, आणि नसेल तर कशामुळे अडलं.