डिजिटल प्रमाणपत्राची मुदत आणि पुणे

१९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. डिजिटल प्रमाणपत्रास मुदत घालून देणारे एक्स.५०९ हे मानकही त्याच वर्षीचे. ‘नूतनीकरण’ हा शब्द मात्र फसवा होय. १९९८ सालच्या ओपनएसएसएल या साधनास आज्ञा दिली असता जुन्या प्रमाणपत्राची तारीख बदलत नाही. नव्या अनुक्रमांकाचे दुसरे प्रमाणपत्र निघते व जुने नोंदवहीत मुदतबाह्य म्हणून राहते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये भारतात परवानाधारक प्रमाणन संस्था आल्या. पुढे सी-डॅकच्या ई-हस्ताक्षर सेवेत नूतनीकरणाची गरजच उरली नाही: खासगी किल्ली एका स्वाक्षरीनंतर नष्ट होते, प्रमाणपत्राची मुदत अवघी ३० मिनिटे. स्वाक्षरीच्या क्षणी ते वैध होते, हे वीस वर्षांनी सिद्ध करण्याचा भार मात्र दस्तऐवजावरील कालमुद्रेवर येऊन पडतो.