एका रुळाचा तोल

आगगाडी म्हटली की दोन समांतर रूळ डोळ्यांपुढे उभे राहतात. ही जोडी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, एकाच रुळावरून गाड्या चालविल्या गेल्या असे सांगितले तर ऐकणारा हसतो. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलो होतो, तेव्हा हेच घडले. पतियाळा संस्थानची जुनी एकरुळी गाडी तेथे जतन करून ठेवली आहे. मधल्या रुळावर दुहेरी कडांची लहान चाके, आणि एका अंगाला थेट जमिनीवर टेकलेले एकच मोठे लोखंडी चाक! मुले मनसोक्त हसली. खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. परंतु ही गाडी वीस वर्षे चालली, आणि तिच्याच काळी सर्व जगाने वाखाणलेली दुसरी एकरुळी गाडी एका गावचा उतारू दुसऱ्या गावी कधीच पोचवू शकली नाही, हे ध्यानात आल्यावर हसू आवरावे लागते.

एक रूळ कशासाठी? अर्थातच काटकसरीसाठी. लोखंड निम्मे, जागा थोडी, आणि दोन रुळांतील अंतर काटेकोर राखण्याची दगदग नाही. अडचण एकच, ती तोलाची.

लार्तिग नावाच्या फ्रेंच स्थापत्यविशारदाने तिचे उत्तर उंटाकडून घेतले. अल्जेरियात उंटाच्या दोन्ही बाजूंना सारखी ओझी लोंबताना त्याने पाहिली होती. माणसाच्या कमरेएवढ्या उंच तिकाटण्यांवर रूळ बसवून त्यावर खोगिरासारखे डबे टाकावयाचे, ही त्याची युक्ती. आयर्लंडमध्ये लिस्टोवेल ते बॅलीबनियन हा नऊ मैलांचा असा मार्ग १८८८ ते १९२४ पर्यंत चालला. त्याच्या एंजिनालाही दोन बाजूंना दोन बाष्पके होती! एका बाजूला गाय चढविली तर दुसऱ्या बाजूला दोन वासरे बसवावी लागत, आणि परत येताना ती वासरे दोहों बाजूंना एकेक अशी आणीत, अशी तिकडे कथा सांगतात. शिवाय रूळ उंचावर असल्याने रस्ता ओलांडणाऱ्यासाठी जागोजाग उचलते पूल बांधावे लागले. काटकसर गेली कोठे, असे विचारावेसे वाटते.

दुसरे उत्तर लुई ब्रेनन याचे. हा आयर्लंडात जन्मलेला, ऑस्ट्रेलियात वाढलेला, पाणतीराच्या शोधाने नावारूपास आलेला संशोधक. फिरता भोवरा पडत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. ब्रेननने हे तत्त्व गाडीत घातले. सुमारे बावीस टनांच्या गाडीत पाऊण पाऊण टन वजनाची दोन चक्रे, निर्वात केलेल्या पेट्यांत, एकमेकांच्या उलट दिशांना, मिनिटाला तीन हजार फेरे घेत. गाडी उभी असतानाही कलंडत नसे. सगळे उतारू एका बाजूस सरकले तर ती बाजू खाली न जाता उलट किंचित वर उचलली जाई. १९०९ च्या नोव्हेंबरात जिलिंगहॅम येथे चाळीस माणसे घेऊन ती लोकांसमोर धावली. पुढल्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात खुद्द विन्स्टन चर्चिल तीत बसले.

या चमत्काराचा पैसा कोठून आला, याचा उल्लेख कौतुकाच्या भरात मागे पडतो. वायव्य सरहद्दीवर अशी गाडी उपयोगी पडेल या आशेने इंडिया ऑफिसने १९०७ साली सहा हजार पौंड दिले. पुढल्या वर्षी काश्मीर दरबाराने पाच हजार घातले. इंडिया ऑफिसचा खर्च त्या काळी हिंदुस्थानच्याच तिजोरीवर पडे. म्हणजे दोन्ही रकमा आमच्याच रयतेच्या. सरहद्दीवर ती गाडी कधी आलीच नाही. प्रत्येक डब्यात स्वतंत्र भोवरा, आणि तो थांबला की काय, ही धास्ती. रेल्वे कंपन्या पुढे सरसावल्या नाहीत यात नवल कसले? ब्रेननच्या बुद्धीविषयी आम्हांस आदर आहे. हिशेब मात्र मांडला पाहिजे.

आणि त्याच १९०७ साली पतियाळात काय चालले होते? महाराजा भूपिंदरसिंग तेव्हा अल्पवयी होते. संस्थानचे अभियंता कर्नल बौल्स यांनी युइंग पद्धतीचा मार्ग घातला. रस्त्याच्या कडेला एक रूळ. नव्वद-पंचाण्णव टक्के भार त्यावर, उरलेला त्या मोठ्या चाकाने रस्त्यावर टेकवावयाचा. उंट नको, भोवरा नको! साम्राज्याच्या सेवेतील फौजेसाठी संस्थानाला पाचशेंहून अधिक खेचरे पोसावी लागत. शांततेच्या काळी त्यांना काम नसे. तीच गाडीला जुंपली. सरहिंदकडील एक आणि पतियाळाहून सुनामच्या दिशेचा दुसरा, असे मिळून सुमारे पन्नास मैलांचे मार्ग झाले. बर्लिनहून चार वाफेची एंजिनेही आणली, तरी खेचरे आणि बैल सुटले नाहीत. आम्हा बडोदेकरांना तरी यात विचित्र वाटू नये. खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई-मियागाम मार्ग सुरू केला, तेव्हा त्यावरचे डबे बैलच ओढीत.

पतियाळाच्या गाडीला मोटारीने मारले. रस्ते सुधारले, लॉऱ्या आल्या, आणि जिच्या कडेने गाडी चाले त्या रस्त्यानेच तिचे गिऱ्हाईक पळविले. १९२७ च्या ऑक्टोबरात ती बंद झाली. एंजिने व डबे बांधकाम खात्याच्या आवारात गंजत पडले. १९६२ साली मायकेल सॅटो या रेल्वेप्रेमी इंग्रज गृहस्थाला ते सापडले. पुढे अमृतसरच्या कारखान्यात डागडुजी झाली, आणि दिल्लीत ते एंजिन पुन्हा वाफेवर चालले. ब्रेननची गाडी मोडीत गेली.

आमच्या सहलीतील एका मुलाने त्या मोठ्या चाकावर हात ठेवून विचारले, "गुरुजी, हे चाक खड्ड्यात गेले तर?" तिथल्या फलकावर याचे उत्तर नव्हते. पतियाळाच्या गाडीवानांना ते रोज द्यावे लागले असेल.